डोणीच्या काठावरचे कान

औरंगाबाद, ७ मार्च २०१६

अक्का,

हे पत्र केरबाचं आहे. नाव आधीच सांगतो, म्हणजे बाजूला ठेवून द्यायचं असेल तर पुढचं ऐकायची तसदी नको. तुला वाचता येत नाही, तेव्हा हे दाजीच वाचून दाखवत असतील. दाजींना नमस्कार. हे वाक्यही त्यांनाच वाचावं लागणार, तर त्यांनी स्वतःचा नमस्कार स्वतःच घ्यावा, मला दुसरा उपाय दिसत नाही.

त्रेचाळीस वर्षांनी लिहितोय. माझी बायको दगडाबाई गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा आमच्या आदिनाथनं तुमच्या गावात फोन केला होता. तू आली नाहीस. त्याबद्दल काही म्हणत नाही. नको म्हणता म्हणता लिहिलं, पण खोडत नाही, खोडलं की दाजी थांबतील आणि तुला वाटेल काय खोडलं असेल.

काम असं आहे. इथं औरंगपुऱ्यात एक मंडळ आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शहराच्या इतिहासावर व्याख्यान ठेवतात. राजांचा इतिहास नाही, रस्त्यावरचा. जुनी लोखंडी झाकणं, मैलाचे दगड, पत्राच्या पेट्या, नहरीचे उसासे, म्हणजे तिची हवा सोडायचे मनोरे. निवृत्त मास्तर आहेत लक्ष्मणराव सर म्हणून, ते बोलतात. मी पाण्याच्या खात्यात एकतीस वर्षं चाव्या फिरवल्या, म्हणून मलाही बोलावतात. पुढच्या खुर्चीवर बसवतात. चहा देतात. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

काल सरांनी भिंतीवर फोटो टाकला आणि मी कप खाली ठेवला. आपली डोणी होती. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतली, जनावरांना पाणी पाजायची ती लांब दगडी डोणी. तिच्या काठावरच्या पाच खुणा एवढ्या मोठ्या करून दाखवल्या की भिंतीवर पाच मेंढ्यांचे कान लावल्यासारखं दिसत होतं. सर म्हणाले, "ह्या पाथरवटांच्या खुणा. कमीत कमी तीनशे वर्षांच्या." मग माझ्याकडं वळले. "केरबामामा, तुम्ही तिथं चावीवर होता. तुम्ही शहरात आलात तेव्हा ह्या खुणा होत्या ना?"

मी मान हलवली.

मागून एक जण म्हणाला, "आमच्या गल्लीला पाणी सोडताना मामांनी कधी इतक्या लवकर मान नाही हलवली." सगळे हसले. मीही हसलो.

अक्का, त्या खुणा कुणाच्या ते तुला माहीत आहे. दुष्काळात खाम नदीच्या पात्रात आपले धनगरांचे पाच तळ पडले होते आणि डोणीवर कुणाच्या मेंढ्यांनी कुठं तोंड लावायचं यावरून रोज डोकी फुटायची. म्हणून मेंढीच्या कानाला काप देऊन करतात ती ज्याची त्याची कानखूण दाजींनी काठावर कोरून दिली. त्र्याहत्तरचा उन्हाळा. दोन दुपारी लागल्या. छिन्नीवर पाणी मीच टाकत होतो.

तर विनंती एवढीच की पेपरात फोटो येईल असं म्हणतात, तो बघून दाजींनी कुणाला काही बोलू नये. मंडळाची माणसं चांगली आहेत, त्यांचं हसं व्हायला नको. बाकी मेंढ्यांचं ते प्रकरण पंचांनी तेव्हाच मिटवलं होतं. ते उकरायचा माझा विचार नाही.

तब्येत जप. इथं पाणी चौथ्या दिवशी येतं. तुमच्याकडं टँकर येतो का?

तुझा भाऊ
केरबा


२३ मार्च २०१६

अक्का,

तुमचं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं धरून चालतो. मिळालं असेल तर तेही धरून चालतो. सोळा दिवस मी पोस्टमनची सायकल ऐकतोय, आणि तो आता मोटारसायकलवर येतो हे आदिनाथनं कालच सांगितलं.

फोटो आला पेपरात. आतल्या पानावर आहे, पण मोठा आहे. खाली लिहिलंय, तीनशे वर्षांपूर्वीच्या अनामिक पाथरवटांच्या खुणा. माझंही नाव आहे. आदिनाथनं कात्रण कापून कपाटाच्या दारावर चिकटवलं. कपडे काढायला गेलं की समोर येतं.

आता दुसरी गोष्ट. ती गल्ली रुंद होणार आहे. डोणी बरोबर मध्ये येते. तिकडं सगळीकडं खोदकाम चालूय, शहर नुसतं फुगत चाललंय, बिडकीनपर्यंत प्लॉट पडले. मंडळानं अर्ज केला की डोणी जुनी आहे, तिला धक्का लावू नका. रुंदीकरणाच्या साहेबांनी विचारलं, जुनी कशावरून? दगडाला काही कागद नसतो. तर सर म्हणाले, खुणा आहेत, आणि खुणांना साक्षीदार आहे.

साक्षीदार म्हणजे मी.

सर आणि मनस्विनीबाई घरी आले. ही मनस्विनी इमारतींचे नकाशे काढायचं काम करते, पस्तिशीची असेल, बोलायला मोकळी आहे. कागद लिहूनच आणला होता. माझ्या आजोबांनी मला ह्या खुणा दाखवल्या आणि त्या त्यांच्याही आजोबांच्या काळापासून आहेत, असं त्यात होतं. आपला आजोबा कन्नडच्या बाजारापुढं उभ्या जन्मात आला नाही, हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, "सर, एवढं मागचं कसं सांगू?"

सर म्हणाले, "मामा, आठवणी अशाच पुढं येतात. तुम्ही नाही सांगितलं तर डोणी जाईल. मग तुमच्यामागं कोण सांगणार?"

मी सही केली. चहा करायला सुनेला सांगितलं. सही अगोदर केली की चहा अगोदर सांगितला, तेही आता आठवत नाही.

जाताना मनस्विनीबाईनं पिशवीतून पातळ कागद काढला. डोणीच्या काठावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की खूण जशीच्या तशी कागदावर उतरते. तिनं तो जमिनीवर पसरला आणि गुडघ्यावर बसली. म्हणाली, "मामा, गंमत सांगू? हे सगळे घाव उजवीकडून डावीकडं उतरलेत. कोरणारा डावरा होता. तीनशे वर्षांपूर्वीचा डावरा पाथरवट. मला तर तो दिसतोच. कुणीतरी चेष्टा करत असेल त्याची, डावऱ्या म्हणून."

करायचे. आम्हीच करायचो.

अक्का, हे वाचताना दाजींनी कागद कोणत्या हातात धरलाय ते मला इथून दिसतंय. पुढं काय लिहू ते कळत नाही. दोन ओळी लिहा. रागाच्या असल्या तरी चालतील.

केरबा


११ एप्रिल २०१६

अक्का, आणि दाजी,

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कार्ड आलं. दाजींचं अक्षर अजून तसंच आहे, मागं झुकलेलं. चार ओळी आहेत, त्या मी इतक्यांदा वाचल्या की आता कार्ड न बघता सांगतो. "पत्रं पोचली. कडूबाईला वाचून दाखवली. तिला बरं वाटलं. मला एकच विचारायचं आहे, पंच बसले त्या दिवशी डोणीत पाणी का नव्हतं?"

दाजी, दुष्काळ होता. दुसरं काय कारण असणार? नहर आटली होती. माणसाला पाणी नव्हतं तिथं डोणीला कुठून येणार? तुम्हीच पाझर तलावाच्या कामावर दोन महिने माती वाहत होता, तुम्हाला मी दुष्काळ काय सांगायचा.

तुम्ही कामाला गेला, अक्काला बरोबर नेलं, तुमच्या अठरा मेंढ्या माझ्याकडं ठेवल्या. मी सांभाळल्या. मग आजार आला. माझ्या काही गेल्या, तुमच्या काही गेल्या. एका तळावर दोन कळप म्हटलं की मिसळतात. घाईगर्दीत कुणाची कोणती ह्यात माझी चूक झाली असेल. असेल म्हणतो. माणूस आहे. दगडाबाईला ह्यातलं काही माहीत नव्हतं, तिला मध्ये घेऊ नका, ती आता नाही.

पंचांनी कान बघितले. कानाला दोन काप म्हणजे माझी मेंढी, एक काप म्हणजे तुमची. त्या मेंढ्यांना दोन काप होते. पंचांनी मला शपथ घातली, मी घेतली. ह्यात पाणी होतं की नव्हतं ह्याला इतक्या वर्षांनी काय महत्त्व आहे?

तीन तारखेला मंडळानं मला शाल दिली. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "ही माणसं म्हणजे इतिहासाची चालतीबोलती साधनं." घरी आल्यावर आदिनाथ म्हणाला, "आबा, शाल पेटीत का ठेवली? बाहेर ठेवा, लोक येतात." मी म्हणालो, उकडतं.

साहेब एकोणतीस तारखेला डोणी बघायला येणार आहेत. सर कागद वाचून दाखवणार आणि मी हो म्हणायचं. एवढंच काम आहे. एवढंच.

मला रक्तदाबाची गोळी चालू झालीय. तुमचा प्रश्न मिळाल्याचं कळवतो.

केरबा


२० एप्रिल २०१६

दाजी,

मागचं पत्र अक्काला वाचून दाखवलं असेल तर हे आधी तुम्ही एकटे वाचा आणि मग तिला दाखवा. एक शब्द गाळू नका. मी नऊ दिवस हेच लिहितोय, चार कागद चुलीत गेले, म्हणजे गॅसवर.

आजार आला नव्हता.

मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या, मागं सडकी ज्वारी फेकलेली होती. पोत्यांचा ढीग. त्या दिवसांत तेवढं धान्य एका जागी बघून माझी मती गेली. मी माझ्या मेंढ्या पुढं घातल्या आणि तुमच्या मागं अडवून धरल्या. आधी माझ्या पोटभर खाऊ देत, मग उरलं तर तुमच्या. माझ्या पोट फुगून मेल्या. सोळातल्या चौदा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. तुमच्या अठराच्या अठरा उपाशी होत्या म्हणून जगल्या. तुमच्या मेंढ्या माझ्या हावरेपणानं वाचल्या, हे तुम्हाला सांगायला मला इतकी वर्षं लागली.

मग मी तुमच्या मेंढ्यांच्या कानाला दुसरा काप दिला. एकाचे दोन केले. दगडाबाईनं कान धरले. तिला माहीत नव्हतं असं मी मागं लिहिलं ते खोटं. ती म्हणत होती, "नका करू, दाजी कापाकडं बघत नसतेत, त्येंना तोंडं पाठ हायेत." तरी तिनं धरले, कारण मी तिचा नवरा होतो आणि आदिनाथच्या मोठ्या भावाला तेव्हा दूध नव्हतं. तो पुढं गेलाच. त्यानंतर तिनं कधी मेंढीच्या कानाला हात लावला नाही. शहरात कुणाची मेंढी दारात आली तरी ती आत जायची.

राख आणि हळद लावली. तुम्ही येईपर्यंत कान भरून आले.

तुम्ही आलात आणि पंचांसमोर त्या काळतोंडी मेंढीला हाक मारली. ती माझ्या मागून निघाली आणि तुमच्या मांडीला डोकं घासायला लागली. मला वाटलं, संपलं. तुम्ही तिचा कान पंचांतल्या साहेबराव पाटलांना दाखवलात. म्हणालात, "पाटील, कोकरू असताना दिलेला काप कानाबरोबर रुंद होतो. ह्यो एक रुंद हाय, ह्यो एक बारीक. बारीक काप आत्ताचा हाय." बरोबर बोलत होता. सगळे धनगर होते, सगळ्यांना कळत होतं. पण साहेबराव म्हणाले, "मेंढी कुणाच्याबी हाकंला येती. खुणेवर चालायचं का तोंडावर? तोंडावर चाललो तर उद्या कुणाची मेंढी कुणाची राहणार नाय." आणि मला म्हणाले, "केरबा, डोणीत हात घाल आन् सांग."

सगळ्यांच्या मेंढ्या जे पाणी पितात त्यात हात घालून बिरोबाची शपथ घ्यायची. त्याच्यापुढं काही नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पाणी मी बंद केलं होतं. मी नुकता चावीवर रोजानं लागलो होतो. शपथ घालणार हे मला आदल्या दिवशी कळलं. सकाळी लवकर जाऊन मी डोणीची चावी फिरवली आणि तळातला बोळा काढून उरलेलं पाणी सोडून दिलं. दुष्काळात. पाच तळांच्या मेंढ्या दुपारपर्यंत तहानेल्या राहिल्या. कोरड्या डोणीत हात घातला तर ती शपथ लागत नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. कुणी शिकवलं नाही, माझं मीच ठरवलं. हात दगडावर ठेवला, म्हणालो ह्या मेंढ्या माझ्या, आणि मनात म्हणालो, बिरोबा, पाणी नाही, ही शपथ मोजू नको.

फक्त तुम्ही डोणीत वाकून बघितलंत. मी तेव्हाच ओळखलं.

दुसऱ्याच्या मेंढ्यांवर हक्क सांगितला म्हणून त्यांनी तुम्हाला डोणीवरून उठवलं. पाचही खुणा तुमच्या हातच्या आणि तुमच्याच मेंढ्यांना, होत्या नव्हत्या तेवढ्यांना, काठावर जागा राहिली नाही. तुम्ही अक्काला घेऊन कन्नडच्या रस्त्यानं चालत गेलात. मी चावी परत उघडली.

हे अक्काला वाचून दाखवा. एकोणतीसच्या आत दाखवा.

केरबा


३० एप्रिल २०१६

दाजी,

हे पत्र फक्त तुम्हाला आहे. अक्काला दाखवू नका. का ते शेवटी लिहितो.

तुमचं दुसरं कार्ड सत्तावीसला मिळालं. मला वाटलं होतं शिव्या असतील. तुम्ही लिहिलंत, "पत्र वाचलं. तिला वाचून दाखवलं नाही. घरी बसून ती त्रेचाळीस वर्षं म्हणते, माझा भाऊ पाण्यात हात घालून खोटं बोलणार नाही. दगडाबाईच्या वेळी ती आली नाही ते माझ्या लाजेनं, तुझ्या रागानं नाही. चोराची बायको म्हणून तोंड कसं दाखवू म्हणाली. तिचा भाऊ राहू दे. मला सवय झाली आहे. डोणी वाचव."

मी ते कार्ड घेऊन संडासात जाऊन बसलो, घरात दुसरी दाराची खोली नाही.

म्हणजे ती तुमच्या घरात, तुमच्या ताटाला वाढत, तुम्हाला चोर समजत राहिली. आणि तुम्ही राहू दिलंत. पंच उठले त्याला काळ झाला. साहेबराव गेले. पण तुमच्या घरी ते पंच रोज बसत होते आणि रोज माझ्या बाजूनं निकाल देत होते. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती माझ्यावर रागावलीय. त्या रागाचा मला आधार होता, दाजी. निदान घरात तरी तुम्हाला कुणी खरं मानतंय, असं वाटायचं.

काल साहेब आले. तरुण आहेत, हातात टेप, मागं जेसीबी उभा. मंडळाची दहा-बारा माणसं, सर, मनस्विनीबाई. गल्लीतले लोक दारात. आदिनाथ रजा टाकून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. डोणीत कचरा होता, तो मी आधीच काढला.

सरांनी कागद वाचायला घेतला तेव्हा मी म्हणालो, "सर, थांबा. मला एक बादली पाणी पाहिजे."

समोर मनकर्णाबाई म्हणून राहतात, भांडखोर आहेत, पण खोट्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चवथ्या दिवशी पाणी येतं, आन् ह्येंना दगड भिजवायचाय. मामा, तुमी चावीवाले ना? फिरवा की चावी."

लोक हसले. साहेबही हसले. मी म्हणालो, "नाही फिरवत, बाई. एकदा फिरवली होती." ते कुणाला कळलं नाही.

मग कोरडंच सांगितलं. हात डोणीत घातला नाही, दोन्ही हात मागं बांधले. म्हणालो, शपथ घेत नाही, नुसतं सांगतो. ह्या खुणा पाथरवटांच्या नाहीत, धनगरांच्या मेंढ्यांचे कान आहेत. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं कोरल्या, बन्सी त्यांचं नाव, कन्नडकडं राहतात. माझ्या आजोबांनी ही डोणी बघितलेली नाही. आणि मग बाकीचंही सांगितलं. ज्वारी, काप, बोळा, सगळं. मध्ये एक रिक्षा आली, तिला वाट दिली, परत सांगितलं.

सरांनी कागदाची घडी केली. परत घडी केली. इतकी लहान की ती मुठीत मावली. म्हणाले, "मामा, मी ह्याच्यावर तीन व्याख्यानं दिली."

"व्हय सर."

"पहिल्याच दिवशी अडवायचं होतं."

"व्हय."

उद्या पहिला रविवार आहे, मला निरोप आलेला नाही. शाल मी आजच वाचनालयात देऊन आलो.

साहेब म्हणाले, "त्र्याहत्तर म्हणजे माझे वडील ह्याच्याहून मोठे आहेत. मॅडम, अशा डोण्या गावोगाव पडल्यात." मनस्विनीबाई त्यांच्याशी अर्धा तास भांडली. म्हणाली, तीनशे वर्षांचं ते जपायचं आणि बापाच्या वयाचं फेकायचं, हा कुठला नियम? साहेबांचं एकच, जुनी असल्याचा पुरावा आणा. जो होता तो मी घालवला होता. मंगळवारी जेसीबी चालणार. दगड कुणाला हवा असेल तर त्याच्या आत उचलावा, नाहीतर डबरात जाईल.

सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं आता हिचंही ऐकायचं. तिनं विचारलं, "तो डावरा आहे ना? जिवंत आहे?"

मी म्हणालो, आहेत.

"अजून छिन्नी धरतात?"

ते मला माहीत नव्हतं. मी तुमचं इतकं घेतलं, पण एवढंही मला माहीत नाही.

टेम्पो तिनंच ठरवला. हे तुमच्यासाठी नाही, डोणीसाठी, असं म्हणाली. आदिनाथ कालपासून बोलत नाही, पण आज कात्रण कपाटावरून काढलं त्यानं, आणि मग विचारलं, "आबा, चढवायला किती माणसं लागतील?" सहा लागतात. तो आपल्या कंपनीतले चार आणणार आहे.

तर सोमवारी सकाळी टेम्पो निघेल. पोस्टानं हे वेळेत पोचणार नाही, म्हणून आजच कन्नडच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय. दौलताबादवरून येईल, दुपारपर्यंत पोचेल. टेम्पोत मी आहे. पुढं जागा नाही, मागं डोणीत बसून येईन, कोरडीच आहे. तुम्ही नको म्हणालात तर वेशीवर थांबून परत वळेन, फक्त डोणी उतरवून घ्या. तिच्या काठावर तुमची जागा आहे, दुसरी, एका कापाची.

तुम्ही लिहिलंत तिचा भाऊ राहू दे. दाजी, ते तुमच्या हातात ठेवणार नाही. तुम्ही त्रेचाळीस वर्षं धरलंत, पुरे झालं. पण पत्रानं सांगून तुमच्या तोंडातून ते तिच्या कानावर घालणार नाही. तुमचं तोंड आणि माझं पाप, असं परत नको. तुम्ही वाचलंत तर तिला वाटेल नवऱ्यानं स्वतःसाठी रचलं.

म्हणून एवढंच करा. डोणी उतरली की अक्काला म्हणा, तिच्यात पाणी ओत. कशाला ते सांगू नका. तुमच्याकडंही टँकरच असेल, तेव्हा मेंढ्या असतील तर आधी त्यांना पिऊ द्या, मग राहील तेवढ्यात भागेल. बोटं बुडाली तरी पुरे. तिच्यासमोर मी हात घालीन. तुम्ही तेव्हा लांब जाऊ नका, आणि डोणीत वाकून बघा, पाणी आहे ना. ह्या वेळी तुम्हाला काही वाचून दाखवावं लागणार नाही.

केरबा